सिद्धूच्या अल्बममधलं ताईचं गाणं

सिद्धूचा अल्बम आला तवा त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो, कारण बीट माझे होते ना! सिद्धू आमचा अमडापूरचा दोस्त, वऱ्हाडीत रॅप करते. "भाषा लईच गावठी हाय," अशा कमेंटा आल्या, थ्या आम्ही पचवल्या. मंग पुण्याच्या एका समीक्षकानं व्हिडिओत सांगतलं, "सासर सोडून आलेली बहीण बुलढाण्याच्या स्टँडवर ढसाढसा रडते, ते गाणं सगळ्यात खरं आहे."

मी उडीच मारली. सिद्धूचा चेहरा मात्र पडला. "लेका, ताईले विचारलंच नाही मी. आता सारं गाव ऐकून राह्यलं."

तेवढ्यात ताईचाच फोन आला. ताई वरवट बकालच्या दवाखान्यात नर्स हाय. "घरीच थांब, मी येऊन राह्यली," एवढंच बोलली अन् फोन ठेवला.

ताई येईपर्यंत सिद्धू "गाणं काढून टाकू काय बे?" हेच मले विचारत राह्यला.

ताई आली, म्हणाली, "लाव." गाणं पूर्ण ऐकलं. सिद्धूची मान खाली.

"ताई, आजच काढतो."

"काढतं काऊन? पण मी रडली कवा बे?"

"म्हंजे?"

"स्टँडवर मी गरम समोसा खाल्ला, खिडकीची जागा धरली अन् घरापर्यंत मस्त झोपली. कित्येक महिन्यांत तशी झोप लागली नव्हती. थे लिव्ह."