ताकावानी पांढरं ग्रीस

अहेरीच्या स्टँडवर मी चांद्याच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. त्याच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली राजदूत मोटरसायकलच्या चाकाची गंजकी बेरिंग होती.

"बेरिंग गेली कशी पण? पोळ्याले म्याच त ग्रीस भरलं होतं, तळहातानं दाबू दाबू."

"जुनी झाली होती, मनकर्णे."

"काल चाक खोललं तवा ग्रीस ताकावानी पांढरं झालं होतं. पाणी शिरल्याबिगर तसं होत नाई, तुमीच शिकवलं मले."

"गाडी धुतली होती ना."

"धुतल्यानं रेतीबी शिरते काय? बोटावर घासून पाह्यली म्या. नदीचीच रेती होती."

"लय बारीक पाहून राह्यली तू आजकाल."

"दर इतवारी बाजारात जातो म्हणता. बाजाराच्या रस्त्यात नदी कुठी लागते?"

"हळू बोल. लोकं आयकून राह्यले."

"आयकू द्या. नदीपल्याड कोण हाये तुमची? सांगा, नाईतर मी गाडीत चढत नाई."

"तुहा भाऊ हाये."

"कोण?"

"लिंबाजी. पाय मोडून एकटाच पडला हाये तिथी. बाबाच्या मौतीले आला नाई म्हणून तूच म्हटली होती, त्याचं नाव या घरात घ्याचं नाई."

गाडी लागली, तशी ती उठली.

"ग्रीसचा डबा मोठा घ्या. पुढच्या इतवारी राजदूतवर मांगं मी बसन."