कामाच्या तुकड्यांची टोपली

...आणि वर मलाच म्हणते, ‘बाबा, हात लावू नका!’ माझं घर, माझं टेबल, तेही मीच केलेलं, एक खिळा न मारता, कॉम्प्युटरही माझाच, आणि हात मी लावायचा नाही! तुम्हाला सांगतो, जन्मभर सुतारकी केली, पण हात न लावता काम होतं हे कधी पाहिलं नव्हतं. लेक माझी तिकडे लांब, विमानाने जायचं तर दिवस मोडतो, आणि तिथून ती इथल्या पडद्यावरचा बाण हलवते. कसा? आधी फोन. ‘बाबा, पडद्यावर आकडे आलेत ते वाचा.’ वाचतो. ‘आता परवानगी मागेल, होय दाबा.’ दाबतो. झालं... बाण आपोआप सुरसुरत निघतो, आणि मी न्हाव्यापुढे बसल्यासारखा गप्प! जरा माउस धरला की तिकडून ओरडा, ‘बाबा, हात लावू नका, ओढाताण होते!’

बरं, चूक तिची नाही. दुसऱ्याच्या हातात धारेची पटाशी असताना मध्ये हात घालायचा नाही, हे मीच कारागिरांना शिकवलं. एकाला तर त्यापायी दुकानाबाहेर उभा केला होता. मग मी कसा घालणार?

तर परवा, कॉम्प्युटर अडखळत होता म्हणून तिला आत घेतली. ‘अगं बाई, बाबा, किती हा पसारा!’ अगदी आईचा सूर. आई जाऊन वर्ष होत आलं तिची.

आता टोपलीचं सांगतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक टोपली असते, पाहिलीय ना? मला सांगा, टोपली कशाला असते? माझ्या दुकानात भुसा जमिनीवर पडायचा, तो झाडून टाकायचा. टोपली कामाच्या तुकड्यांची! सागाचा वीतभर तुकडा, शिसवीची पट्टी... जे कुणी फेकू नये ते टोपलीत. नवा कारागीर आला की पहिलं वाक्य हेच, ‘टोपलीला हात लावशील तर बघ!’ मग जपायची वस्तू मी कॉम्प्युटरमध्ये कुठे ठेवीन?

आमच्या हिचा आवाज होता त्यात. लेकीसाठी कॉम्प्युटरवर निरोप बोलून ठेवायला बसली, ‘सुखी राहा गं, जेवणाची आबाळ करू नकोस,’ एवढं बोलली आणि बंद करायचंच विसरली! मग पुढे सगळं... भांडी, खोकला, आणि माझा उद्धार! ‘अहो, ऐकलंत का? ठेवा तो रंधा, ताट वाढलंय. अहो! लाकूड काय पळून जातंय?’ पाठवू म्हटलं तर लाजली, ‘असलं कुठे पाठवता, मी पुन्हा नीट बोलते.’ ते राहूनच गेलं. मी आपला जेवताना ते टोपलीतून बाहेर काढायचो, ऐकायचो, परत टोपलीत.

आणि बाण निघाला की टोपलीकडे! माझा हात उठला.

‘बाबा, हात लावू नका!’

‘अगं पण...’

‘एकच मिनिट हो, कचरा काढतेय!’

मी हात काखेत दाबून धरला. शिस्त! पडद्याने काहीतरी विचारलं, बाणाने होय म्हटलं, कागद चुरगळल्यासारखा आवाज झाला... बस्स. नंतर दुरुस्तीवाल्याकडेही नेऊन आणला. म्हणाला, ‘काका, गेलं ते गेलं.’

‘बघा, कसा पळतोय आता!’ तेव्हा तिकडे लेक खूश.

‘पळतोय,’ म्हटलं.

काल पुन्हा फोन. आवाज खाली. ‘बाबा... आई म्हणाली होती, माझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवलंय. तुमच्याकडे आहे का हो?’

आता काय सांगायचं, तुम्हीच सांगा! खरं बोललो तर पोर जन्मभर स्वतःला खात बसेल.

‘असेल कुठेतरी. शोधतो.’

‘तुम्हाला नाही जमणार. आकडे वाचा, मी येते ना आत!’

तुम्हाला सांगतो, असा ओरडलो, असा ओरडलो... ‘अजिबात नाही! तू हात लावू नकोस!’

बिचारी म्हणाली, ‘बरं. सावकाश शोधा, बाबा.’

तर शोधतोय. जेवायला बसलो की टोपली उघडतो, बंद करतो. आज सकाळी विचारलंच तिने, ‘सापडलं?’

म्हटलं, ‘थांब गं, पसारा फार आहे.’

आणि पडद्यावर बघाल तर काडी उरलेली नाही.