सोळा उलटी पानं

(पुस्तकबांधणीचं दुकान. बाबा कामाच्या टेबलाशी, लेक समोरच्या स्टुलावर.)

लेक – म्हणजे मी फोन करू?

बाबा – कर की. पाळकांना म्हणावं, रविवारचा उपदेश दुसऱ्या कुणाला द्या. आधी त्या पुठ्ठ्यावर कोपर दाबून ठेव, खळ ओली आहे.

लेक – पहिलाच उपदेश, आणि विषय काय, तर पवित्र शास्त्रावर भरवसा का ठेवावा. पाच वर्षं धर्मशास्त्र शिकून मलाच वाटेना भरवसा.

बाबा – अडलं कुठे?

लेक – येशूच्या रिकाम्या कबरेपाशी. मत्तय सांगतो एक देवदूत, लूक सांगतो दोन माणसं. तिथे गेलेल्या बायकांत योहान तर एकट्या मरीयेचंच नाव घेतो. देवाने लिहून घेतलं म्हणायचं, आणि शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांचा मेळ नाही.

बाबा – माझ्या हनुवटीवर ही खूण कसली?

लेक – लग्नात पडलात त्याची.

बाबा – कुठून पडलो?

लेक – मावशी म्हणते पायरीवरून, काका म्हणतो खुर्चीवरून. आई म्हणायची, फोटोवाल्याच्या पेटीला अडखळलात.

बाबा – पण पडलो ना?

लेक – पडलात. पण मावशीच्या बोलण्याला कुणी देवाचं वचन म्हणत नाही, बाबा.

बाबा – हेही खरं. मग पुढचं मला येत नाही. माझी अक्कल पुठ्ठ्यापर्यंत. दे इकडे ते आईचं बायबल, पाठ पार सुटलीय म्हणालीस ना?

लेक – हे घ्या. हळू. अहो बाबा, इथली पानं उलटी आहेत. डोकं खाली, पाय वर.

बाबा – सोळा आहेत. एकत्र शिवायची ती जुडी, आख्खा फर्माच उलटा शिवला मी. लग्नाआधी तिला भेट द्यायला बांधत होतो. लक्ष कुठे होतं ते विचारू नकोस.

लेक – म्हणून आई इथे आली की पुस्तक फिरवायची?

बाबा – मग आणखी कशाला?

लेक – मला वाटायचं, पवित्र जागा आली की फिरवायचंच असतं. रविवारच्या शाळेत मीही फिरवलं. बाईंनी कोपऱ्यात उभं केलं.

बाबा – कधी बोलली नाहीस.

लेक – मला वाटलं, बाईंनाच माहीत नाही. पण तुम्ही उसवून नीट का नाही केलंत?

बाबा – दहादा म्हटलं. देईना. म्हणाली, चूक तुमच्या हाताची, मजकुराला काय झालंय? हात लावलात तर याद राखा. तीस वर्षं तशीच वाचलीन.

लेक – तिला कधी शंकाच आल्या नसतील.

बाबा – न यायला काय झालं? समासात बघ, पेन्सिलीने.

लेक – कबरेपाशीच लिहिलंय काहीतरी. थांबा, फिरवते. "देवदूत किती? बायका किती? कबर मात्र चौघांचीही रिकामीच."

बाबा – वाचताना हसली असणार ती.

लेक – मला रडू येतंय बाबा, आणि हसूही.

बाबा – नाक पूस, पानांवर नको. नवी शिलाई घालायचीच आहे, तर ती सोळा सरळ करून देतो.

लेक – हात लावलात तर याद राखा. रविवारी हेच नेणार मी.

बाबा – भर उपदेशात पुस्तक फिरवलंस तर लोक हसतील.

लेक – हसू देत. का फिरवलं ते सांगेन, तिथूनच सुरुवात करेन. पाठ तेवढी चिकटवा, शनिवारपर्यंत वाळेल ना?

बाबा – वाळेल. आता कोपर उचल. पुठ्ठा कधीच चिकटलाय.