मुकादमचा निरोप

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे चिटणीस, खात्यातून वेळात वेळ काढून आलेले साहेब, माझे सहकारी, स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या मावशी, आणि पुढच्या तीन रांगांत चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलींनो,

एकोणतीस वर्षं मी या बालगृहाची अधीक्षक होते. दुसऱ्यांच्या निरोपाला मी भरपूर बोलले. आज स्वतःच्या निरोपाला मात्र कागदावर लिहून आणलंय. अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली आहेत. माझी खोड त्यांना ठाऊक आहे, म्हणून घड्याळ काढून माझ्यासमोरच ठेवलंय!

मघाशी मानपत्र वाचलं. ‘बाईंच्या हाताखालून दोनशे अकरा मुली स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, एकीचीही तक्रार आली नाही.’ टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, किती विनम्र! विनम्र कसली? मला वर बघवत नव्हतं. तक्रार असलीच तर ती कुठे करायची, हे आम्ही त्या मुलींना कधी सांगितलं होतं का?

त्या दोनशे अकरांतल्या एकीची गोष्ट सांगते. चार वर्षांची असताना ती इथे आली. सहावीत गेली तोवर धाकट्या मुलींना नळापाशी रांगेत उभं करून दात घासायला लावायची, आणि कुणी टाळाटाळ केली की कमरेवर हात ठेवून नुसती बघायची. म्हणून सगळे तिला मुकादम म्हणायचे. मीसुद्धा.

ती अठरा वर्षांची झाली. नियमाप्रमाणे त्या दिवशी आम्ही फाईल बंद केली. शिलाई कारखान्यात काम आणि नोकरदार मुलींच्या वसतिगृहात खाट, दोन्ही मीच मिळवून दिलं होतं. तेवढं मी करत असे, हे नाकारत नाही. निघताना ती वसतिगृहाचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

“बाई, इथे ‘जवळचे नातेवाईक’ असं आहे. तुमचं नाव लिहू?”

मी चष्म्यावरून बघितलं. “असं वैयक्तिक नाव द्यायचं नसतं गं. संस्थेचा फोन लिही.”

“बरं,” ती म्हणाली. तिनं लिहिलं. अक्षर फार सुंदर होतं तिचं.

पाच महिन्यांनी तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. दोन दिवस तिनं अंगावर काढलं. आजारी पडल्यावर कुणाला सांगायचं असतं, तेच तिला माहीत नव्हतं. इथे घंटा वाजली की नर्सबाई यायच्या! शेवटी कारखान्यात काज-बटण करणाऱ्या एका बाईनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, कापावं लागेल, नातेवाईकांना बोलवा. तिनं संस्थेचा नंबर दिला. फोन मी घेतला.

त्या दिवशी इथे तपासणी होती. साहेब, तुम्ही नव्हतात, तुमच्या आधीचे होते. ते शेजारच्या खोलीत नोंदवह्या चाळत होते. पलीकडून विचारलं, “ही तुमची मुलगी का?”

मी म्हणाले, “ती आता आमच्याकडे नसते. अठरा पूर्ण झालीत तिची.”

मी खोटं बोलले का? एक अक्षरही खोटं नव्हतं. फोन ठेवला आणि साहेबांना कोठीघर दाखवायला गेले. तिथले डबे चकचकीत घासलेले होते.

नातेवाइकाच्या सहीवाचून दवाखान्यात ऑपरेशन अडून राहिलं. काज-बटणवाली बाई घरी मुलांना बघून परत आली, तिला कळलं की अजून काहीच झालेलं नाही. तिनं “मी मावशी हिची,” असं ठोकून दिलं आणि सही केली. तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. पोरगी वाचली, पण छत्तीस दिवस खाटेवर होती. कारखान्यातली जागा गेली.

मी चौथ्या दिवशी गेले. मला बघून ती उठायला लागली, टाके ओढले गेले तरी. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, “बघा, म्हटलं नव्हतं? आमच्या बाई आल्या.” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन मीच घेतला होता, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. त्या वर्षीच्या अहवालात तिच्या नावापुढे मी लिहिलं, ‘पुनर्वसन यशस्वी.’

याला अकरा वर्षं झाली. गेल्या रविवारी आजच्या कार्यक्रमाचं बोलावणं करायला मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या आहेत, शिलाईचं स्वतःचं यंत्र आहे, ती खोटी मावशी तिच्याकडेच राहते. तिथे बसून मी एकदाचं सगळं सांगितलं. ती शिवण खाली न ठेवता म्हणाली, “मला माहीत होतं बाई. दवाखान्यातल्या नर्सनं तेव्हाच सांगितलं होतं.”

अकरा वर्षं, माझी लाज राखायला ती गप्प बसली होती!

समारंभाला येणार नाही म्हणाली. मग विचारलं, “यंदा अठरा कुणाची होताहेत?”

“दोघींची.”

“त्यांना माझा पत्ता द्या. फॉर्मवर माझं नाव लिहा म्हणावं. आणि आजारी पडायची वाट बघू नका, रविवारी सहजच जेवायला या.”

मुलींनो, हा तिचा निरोप. तुम्ही दोघी इथे बसल्या आहात, लाजाल म्हणून नावं घेत नाही. तिच्या पत्त्याखाली मी माझाही पत्ता लिहिलाय. फार उशिरा लिहिलाय, हे मला कळतं.

आपण सर्वांनी मला ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घड्याळाकडे काणाडोळा केला, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. वागण्यात जे झालं, त्याची माफी मात्र कृपा करून टाळ्यांनी देऊ नका.