जेठापुढे

कामिनी: पुन्हा तेच, काकू. नाना माझे वडील, पण त्यांची चाल बैलगाडीची आहे हे मीही कबूल करते. दौडीच्या सरावात तुम्ही का त्यांच्या मागे रखडता?

प्रमिलाबाई: मग काय करू वं पोरी? ते मना जेठ शेतस, नवऱ्याचे थोरले भाऊ. जेठाला मागं टाकून पळणारी बाई पाहिली का तू कधी?

कामिनी: शाळेत पोरांना खेळ शिकवते मी, पाय ओळखता येतात मला. नाना येत नाहीत त्या दिवशी तुम्ही आपल्या अख्ख्या गटाला मागे टाकता.

नाना: कामिनी, तिला सांग, मी काही घरी बसणार नाही. सुकदेव माझा धाकटा भाऊ होता. त्याच्यासाठी दौड आहे, तर गुडघे घासत का होईना, येणार.

प्रमिलाबाई: त्यासले सांग, बसा असं कोन म्हणतंय?

कामिनी: दोघं हाताच्या अंतरावर उभे, पण जेठ-भावजयीनं बोलायचं नाही म्हणून निरोप्या मी. बरं, ऐका. काल बैठकीत ठरलं. दौडीच्या देणग्यांतून जे डायलिसिसचं मशीन देवपुरात आलंय, ते रविवारीच सुरू करायचं. पन्नाशीपुढच्या बायकांत जी पहिली येईल, तिच्या हातानं.

प्रमिलाबाई: मना हातानं?

कामिनी: पहिल्या आलात तर. नरडाण्याच्या लताबाई आहेत शर्यतीत. कबड्डी खेळलेली बाई, आणि त्यांना कोणाचा जेठ आडवा येत नाही.

प्रमिलाबाई: तुझे काका डायलिसिसला नाशिकला जाताना बसमध्ये एकच बोलायचे, मशीन आपल्याकडे असतं तर घरची भाकर खाऊन गेलो असतो. माले ते बटण दाबायचं शे, कामिनी. लई मनापासून.

कामिनी: मग रविवारी नानांना ओलांडा.

प्रमिलाबाई: ते काही होनार नही.

नाना: तिला सांग, रविवारी बघू.

कामिनी: बघू म्हणजे काय?

नाना: बघू म्हणजे बघू. तू शिट्टी वाजव.

(रविवार. दौड संपत आली आहे. पांझरेकाठी ढोल वाजताहेत. नाना अजून रस्त्यावरच आहेत.)

कामिनी: लगेच बसू नका काकू, चालत राहा. पहिल्या आलात. लताबाई पोचल्या तेव्हा तुमच्या गळ्यात हारही पडला होता.

प्रमिलाबाई: माले काही सुचत नही. हे पाय मनाच का, असं वाटतंय.

कामिनी: पुलापर्यंत तर नानांच्या मागेच होतात. लताबाई कधीच्या पुढे गेलेल्या. मग झालं काय?

प्रमिलाबाई: ते खोकलले.

कामिनी: नाना?

प्रमिलाबाई: हां. घरात शिरताना खोकलतात ना, बायकांना पदर घेता यावा म्हणून. तसेच. मी पदर सावरला. बघते तर काय, ते रस्ता सोडून कठड्याशी गेले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले. रस्त्याकडे पाठ.

कामिनी: म्हणजे वाटेत जेठ नाहीच.

प्रमिलाबाई: नाहीच ना. बघतच नाही तो माणूस वाटेत कसा? मंग पदर खोचला आणि सुटले. दावं तुटलेल्या वासरासारखी पळाले वं. इतकं बरं वाटलं, तुला काय सांगू.

कामिनी: त्या दिवशीचं ‘बघू’ हे होतं तर. ते बघा, आले. सगळ्यांच्या शेवटी.

नाना: कामिनी, तिला विचार, लताबाई कुठं राहिली?

प्रमिलाबाई: त्यासले सांग, मांगे. लई मांगे.

नाना: तिला सांग, सुकदेव असता तर आज देवपूर डोक्यावर घेतलं असतं त्यानं.

कामिनी: मी काही सांगणार नाही. मला लताबाईंना पाणी द्यायचंय. तुमचं तुम्ही बोला.

प्रमिलाबाई: नाना...

नाना: बोल.

प्रमिलाबाई: दवाखान्यात बोलावतात, मशीन सुरू करायला. तुम्हीपण चला.

नाना: चल. तू हो पुढे, मी येतो मागून.