काकाच्या मोटरीतली बाई

आमच्या काकानं जन्मात एकच पिक्चर पूर्ण पाहिला, अन् तोच त्याले महागात पडला.

रामाकोन्याले, काकाच्या गावी, त्याच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. पिक्चरमधला हिरो मोबाइलातल्या मशीनच्या आवाजावर प्रेम करते, रोज तिच्याशीच बोलते. पिक्चर संपला, तशी काकाची कॉलेजातली पोरगी पिंकी डोळे पुसत म्हणे, "किती एकटा होता बिचारा!"

मी म्हटलं, "एकटा कायचा? कंपनीनं फसवलं त्याले."

काका उखडला. "तो हिरो पोट्टाच येडा हाय! नुसत्या आवाजावर कोणी जीव लावते का?"

तुरीच्या शेंगा सोलत बसलेली काकू मान वर न करता म्हणे, "तुमी नाही लावला?"

आता सांगतो. संत्र्याच्या वावरातली पाण्याची मोटर काका मोबाइलवरून चालू करते. फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई हिंदीत बोलते, "मोटर चालू है." लाइन, म्हणजे वीज, नसली तर, "कृपया थोड़ी देर बाद प्रयास करें." काका दिवसभर तिले फोन लावते. काकूले मात्र वावरातून कधी एक फोन नाही. जेवाले येतो का नाही, हेही सांगत नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी काकूचा फोन वाजला.

"अवं, जेवाले येऊन राहिलो."

काकूनं आमच्याकडे पाहत फोन स्पीकरवर टाकला, घसा साफ केला अन् त्या बाईच्याच सुरात म्हणाली, "चूल्हा बंद है. कृपया थोड़ी देर बाद प्रयास करें."