फुलसावंगी गाडीतला जपानी ड्रम

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे आगारप्रमुख साहेब, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, जिच्यासाठी आपण सगळे शेतातली आणि शाळेतली कामं टाकून इथे आलो ती सत्कारमूर्ती, आमची उज्ज्वलाताई, आणि आर्णी ते फुलसावंगी गाडीतल्या बसलेल्या व उभ्या प्रवाशांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी अनघा. आर्णीला राहते, महागावच्या शाळेत मराठी शिकवते. मला बोलायला उभं केलं ते मराठी शिकवते म्हणून. पण आयोजकांना आधीच सांगते, शाळेत मी दुसऱ्यांच्या कविता शिकवते, आज मला माझ्याच घरचं बोलायचं आहे. साहेब, घंटी लवकर वाजवू नका.

कंडक्टरला निरोप देताना काय बोलतात? वेळेवर यायच्या, सुटे पैसे द्यायच्या, म्हाताऱ्यांना जागा करून द्यायच्या. हे सगळं खरं आहे आणि ते उत्तमसिंगभाऊंनी माझ्याआधी फार छान सांगितलं. एक त्यांच्याकडून राहिलं, तेवढं मी सांगते. आपल्या ताईंच्या गाडीत कित्येक महिने तिकिटाच्या आधी एक प्रश्न विचारला जात होता. आठवतं ना? हसताय, म्हणजे आठवतं.

"ओ दादा, तिकीट मंग. आधी सांगा, गावात कोनाजवळ जुना ड्रम हाये का? बँडवाल्याचा, बाजूले लटकवते थो?"

"काहून वं बाई, लग्न हाये का घरी?"

"लग्न नाई. शोधून राह्यलो."

कशासाठी शोधून राह्यलो, हे पुष्कळांना माहीत नाही. ताईंनी कुणाला सांगितलं नाही. आज मी सांगते.

मला एक धाकटा भाऊ आहे, मंदार. यवतमाळला एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. गेल्या दिवाळीनंतर कार्यक्रमाहून परत येताना त्यांची गाडी उलटली. अभिषेक म्हणून त्यांचा गायक होता, मंदारचा शाळेपासूनचा मित्र. तो गेला. मंदारला फार लागलं नाही. लोक म्हणाले, नशीब. आम्हीही म्हणालो. घरी आल्यावर त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि बोलणं सोडलं. जेवणाचं ताट आत जायचं, अर्धं परत यायचं. यवतमाळच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, अजून आहेत. वेळ लागेल, म्हणाले. आईने, रत्नप्रभाबाईंनी, म्हणजे आमच्या त्या कडक आईने, दाराबाहेर बसून त्याला हाका मारल्या, रागावली, रडली. काही नाही.

एकदा मात्र तो दारात येऊन म्हणाला, "ताई, माझा ड्रम कुठाय?"

ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. मालकाने सामान कुणाकुणाला देऊन टाकलं होतं आणि कुणाला काय दिलं ते त्यालाही धड सांगता येत नव्हतं. महागावकडे काही गेलं, एवढंच. मला वाटलं, एवढंच ना? ड्रम सापडला की माझा भाऊ सापडला. बुडणाऱ्याला पाण्याची खोली विचारायला वेळ नसतो हो. मी दुसऱ्या दिवशी गाडीत ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, "मॅडम, कसा दिसते थो?" मला काय माहीत कसा दिसतो! गोल असतो. बँडवाले बाजूला लटकवतात तसला, जपानी आहे, असं मंदार सांगायचा. तेवढं मी सांगितलं.

आणि ही बाई कामाला लागली.

पहिला ड्रम आर्णीतलाच मिळाला. मी तो रिक्षातून घरी नेला, मंदारच्या दाराबाहेर ठेवला. दार उघडलं. त्याने वरूनच पाहिलं आणि म्हणाला, "नाही." दार लागलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बोलला? काय बोलला?" "नाही म्हणाला." आईने डोळ्याला पदर लावला. एका 'नाही'ने घरात सण झाल्यासारखं वाटलं, यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

दुसरा ड्रम खेमसिंगभाऊंचा. ते बघा, मागे बसलेत, आत्ताच हसायला लागले. भाऊंचा ड्रम काळाभोर, चकचकीत. ताईंनी विचारलं, "जपानी हाये का नक्की?" भाऊ म्हणाले, "शंभर टक्के! मी सोता लावला ना." आम्हाला काही कळेना. मग भाऊंनी आतून रंगाचा डबा आणून दाखवला. ब्लॅक जपान! दारं-खिडक्यांच्या लोखंडाला लावतात ते. दर लग्नसराईच्या आधी भाऊ ड्रमला एक हात मारायचे, म्हणून त्यांच्या तांड्यावर त्याला जपानचा ड्रमच म्हणतात. "डब्ब्यावर लिवलं हाये मॅडम, मी काय खोटं बोलून राह्यलो?"

नाही भाऊ, तुम्ही खोटं बोलला नाहीत. तो डबा आणि तो ड्रम मी मंदारपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. माझा भाऊ हसला. आवाज करून हसला. मग भिंतीला टेकून खाली बसला, ड्रम मांडीवर घेतला आणि म्हणाला, "ताई, जपानी आहे का ते बाहेरून नाही कळत. आतून बघायचं असतं."

त्यानंतर ताईंच्या कृपेने ड्रम येत राहिले. गणपती मंडळाचे, शाळेच्या बँडचे, भजनी मंडळाला कुणी भेट दिलेले. आणि प्रत्येक ड्रमबरोबर त्याचं 'नाही' थोडं लांब होत गेलं. "नाही, हा पितळी आहे, उचलून बघ किती जड." "नाही, जपानी असता तर आत पातळ प्लाय दिसली असती, आणि दोन्ही काठांना आतून लाकडाची कडी." "नाही गं, नावावर जाऊ नको. पूर्वी जपानात हे ढिगाने बनायचे आणि परदेशातले दुकानदार त्यावर आपापली नावं लावायचे. ड्रमवरच्या पट्टीवर इंग्रजी नाव असतं, आणि जपान हा शब्द कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात." खालच्या बाजूला ताणलेल्या तारा असतात, त्यानेच तो ड्रम टर्र वाजतो. त्या तारा सोडायचा खटका कसा असतो, हे समजावताना तो एकदा ओट्यापर्यंत आला आणि आईला म्हणाला, "चहा टाक ना." आमची आई चहात साखर टाकायला विसरली. तो प्यायला.

मला तेव्हा काय कळलं असेल, सांगा? काहीच नाही. मी शिकलेली बाई, पण त्याच्या बोलण्यातल्या एका ओळीचाही अर्थ मला लागला नाही. मी एकच धोशा लावला होता, ताई, खरा शोधा. खरा सापडू दे. गाडीत डोळे मिटून मी तेच मागायची.

आणि तो सापडला. फुलसावंगीच्या बबनरावांनी नातवाला खेळायला म्हणून बाजारातून आणला होता. नातवाने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आजीने, म्हणजे वच्छलाबाईंनी, त्याची दोन्ही तोंडांवरची पानं फाडून फेकली आणि उरलेल्या नुसत्या गोल सांगाड्यात कोंबडीची पिल्लं कोंडायला लागल्या. ताईंनी अंगणातच तो उलटा करून आत पाहिला. आत पातळ प्लाय, काठांना लाकडाची कडी. हवेच्या भोकाभोवती छोटी पट्टी, त्यावर मुंगीएवढं अक्षर. मी पैसे काढले तर वच्छलाबाई म्हणाल्या, "पैसे कायले? घेऊन जाय बाई. फकस्त पिल्लांसाठी एक डालं पाठवून दे." डालं मी पाठवलं आहे वच्छलाबाई, मिळालं ना? बरं.

गेल्या रविवारी तो घेऊन घरी जाताना मी रस्ताभर हसत होते.

मंदारने ड्रम मांडीवर घेतला. आत हात घातला. एका जागी लाकडाचं कडं पूर्वी सुटलं होतं, तिथे त्याने लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरला होता. तिथे त्याचं बोट थांबलं. मग बाहेरच्या लोखंडी रिंगवरून बोट फिरवलं. एका बाजूला ती आत दबली आहे. त्या रात्री हा ड्रमही गाडीतच होता; कशाने दबली असेल, हे मी इथे सांगायला हवं का? आमच्या कुणाच्या मनात ते आलं नव्हतं. त्याच्या आलं.

तो म्हणाला, "हो."

ड्रम हळूच खाली ठेवला, आत गेला. दार लागलं. त्या दिवसापासून ताट भरलेलंच परत येतं आहे. मी दाराला कान लावते. आत माणूस आहे असा आवाजसुद्धा येत नाही. आई मला काल म्हणाली, "अनघा, कशाला गं शोधलास तो?" आईने आयुष्यात मला पुष्कळ बोलून घेतलं, पण असं हळू आवाजात कधी नाही.

माफ करा. पाणी... नको, बोलते.

सोमवारी मी गाडीत बसले आणि मला रडू आवरेना. ताई शेजारी येऊन बसल्या. गाडी भरलेली, तिकिटं राहिलेली. मी म्हटलं, ताई, आपण चुकलो. त्यांनी तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "मॅडम, थो 'हो' म्हन्ला ना? म्हनू द्या. आता त्याले पुन्हा 'नाई' म्हनायले लावू. ड्रम काय जिल्ह्यात एकच हाये का?"

आज सकाळी शेवटच्या फेरीला त्या आल्या तेव्हा त्यांच्या सीटवर एक ड्रम होता. कुठून आणला विचारलं नाही. पितळी आहे, जड आहे, दुरूनसुद्धा जपानी दिसत नाही. ताईंनाही कळतं ते आता. इथून घरी गेल्यावर मी तो दाराबाहेर ठेवणार आहे आणि विचारणार आहे, मंदार, हा आहे का रे? दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. डॉक्टरांनाही मी हे सगळं सांगितलं, त्यांनी गोळी वाढवली आणि म्हणाले, विचारत राहा.

उद्यापासून त्या गाडीत तिकिटाच्या आधी तो प्रश्न कोण विचारणार? म्हणून हा निरोप मला झेपत नाही, ताई. तुम्हाला शाल आणि नारळ देऊन मोकळं व्हावं, एवढी मी चांगली नाही. तुम्ही सुखाने राहा, गुडघे सांभाळा, नातवंडांत रमा. आणि जमलं तर अधूनमधून आमच्या गाडीत प्रवासी म्हणून बसा.

अध्यक्ष महाराज, तुम्ही घंटी वाजवली नाहीत, मोठे उपकार. सत्कार ताईंचा आणि गाऱ्हाणं माझं, असं झालं असेल, तर ते आपल्या माणसाचं म्हणून पोटात घाला. आयोजकांचे, खेमसिंगभाऊंचे, वच्छलाबाईंचे, आणि या गाडीत मला रडताना पाहूनही न पाहिल्यासारखं करणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार.

फक्त एक मागते आणि बसते. गावी गेलात की माळ्यावर, गोठ्यात, मंडळाच्या खोलीत एकदा बघा. फुटका असेल, गंजलेला असेल, असू द्या. मला निरोप पाठवा, मी येऊन घेऊन जाईन. जपानी नसला तरी चालेल.

नसलेलाच द्या.